कुत्र्याला दार करावयाचे आहे?

रात्री दोनच्या सुमारास दारावर नखे वाजली की आमच्या घरात अंधारातच वाद सुरू होई. "अहो, मघाशी मी उठले होते," सौ. म्हणे. "मघाशी नव्हे, ती कालची गोष्ट," मी म्हणे. तोवर नखे पुन्हा वाजत. मग ज्याचे गुडघे त्या रात्री कमी कुरकुरत असतील तो उठे, कडी काढी, आणि आमचा मोती मान खाली घालून, काही अपराध केल्यासारखा बाहेर जाई. दीड-दोन तासांनी पुन्हा तेच.

मोती तेव्हा बारा वर्षांचा होता. जात गावठी, रंग मातकट, एक कान उभा आणि एक आडवा. बारा वर्षांत त्याने घरात कधी घाण केली नव्हती. पण म्हातारपणी त्याची मूत्रपिंडे थकली. भांडेच्या भांडे पाणी पिऊ लागला आणि रात्रीतून तीन-तीनदा बाहेर जाऊ लागला. गुरांच्या डॉक्टरांनी बजावले, "पाणी तोडू नका. मागेल तेव्हा पाणी द्या आणि मागेल तेव्हा बाहेर सोडा." एका रात्री आम्हा दोघांनाही जाग आली नाही. सकाळी पाहतो तर दाराशी थारोळे आणि मोती पलंगाखाली. हाक मारली तरी बाहेर येईना. जनावराला लाज वाटते की नाही हा वाद विद्वानांनी खुशाल घालावा. मी त्या सकाळी ती डोळ्यांनी पाहिली.

आमची मुलगी अमेरिकेत, ओहायो राज्यात असते. तिला फोनवर ही हकिकत सांगितली तेव्हा ती म्हणाली, "बाबा, मग त्याला त्याचे दार करून द्या ना! इकडे कितीतरी घरांत असते." मागच्या दाराच्या तळाशी एक चौकोन कापलेला आणि त्यावर वरून टांगलेली झडप. कुत्रा नाकाने ढकलून बाहेर जातो, तसाच परत येतो, झडप आपोआप मिटते. मालक झोपेत, कुत्रा मजेत. मला ही कल्पना इतकी पसंत पडली की दुसऱ्याच दिवशी मी सुताराला बोलावणे धाडले.

असे दार निवडताना काय पाहावे आणि कोणत्या क्रमाने पाहावे, हे मी चुका करीत शिकलो. वाचकांपैकी कोणाला आपल्या मोतीसाठी दार करावयाचे असेल तर निदान याच चुका त्यांनी पुन्हा करू नयेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

कल्पना जुनीच आहे

इंग्लंडात एक्सेटर येथे एक प्राचीन कॅथीड्रल आहे. तेथील खगोलीय घड्याळाखालच्या दाराला एक वाटोळे भोक आहे. मांजराने आत जाऊन उंदरांचा समाचार घ्यावा म्हणून ते पाडले, आणि १५९८ साली या कामाबद्दल सुतारांना आठ पेन्स दिल्याची नोंदही आहे. आपल्याकडे मोठ्या दारातल्या लहान दाराला दिंडी म्हणतात. पुण्याच्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा पाहा. हत्तीने धडक देऊ नये म्हणून त्याला अणकुचीदार खिळे ठोकलेले आहेत, आणि त्याच दरवाजात माणूस वाकून जाईल एवढी दिंडी आहे. दिंडी लहान ठेवीत ती लाकूड वाचावे म्हणून नव्हे. आत येणारा एकेकटा यावा, वाकून यावा आणि आतल्याला दिसावा, हा तिचा हेतू. हे तत्त्व ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

धर्मराजाने तर कुत्र्याला बाहेर सोडून स्वर्गात पाऊल टाकण्याचे साफ नाकारले होते. आमचा पेच त्याच्या उलट होता. आमच्या कुत्र्याला आत यावयाचे नव्हते, बाहेर जावयाचे होते.

माप कसे घ्यावे

सुतार आले. मोती कान टवकारून उभा होता. त्यांनी जमिनीपासून उभ्या कानाच्या टोकापर्यंत टेप लावली. तीस इंच भरले. रुंदीला म्हणाले, "पंधरा धरू, गुरुजी. अवघडून कशाला जायचं त्यानं?" फळीवर खडूने आखणी झाली. एवढ्यात सौ. चहा घेऊन आली आणि आखणीकडे पाहून म्हणाली, "यातून शेजारची सातवीतली पोर सहज आत येईल. मग पुढच्या दाराला कुलूप तरी कशाला हवे?"

तिचे म्हणणे रास्त होते. कुत्रा दिंडीतून जाताना कान उभे करून जात नाही. तो मान खाली घालून जातो. म्हणून डोक्याची उंची विचारात घ्यावयाचीच नाही. मापे तीन घ्यावीत. पहिले, अंगाचा सर्वांत रुंद भाग, मग तो खांद्याशी असो की पुठ्ठ्याशी. दुसरे, जमिनीपासून खांद्याच्या माथ्यापर्यंतची उंची. तिसरे, जमिनीपासून छातीच्या तळापर्यंतची उंची. रुंदीत दोन इंच मिळवावेत. झडपेची वरची कड खांद्याच्या माथ्यापेक्षा इंच-दोन इंच वर असावी आणि खालची कड छातीच्या तळापेक्षा वर कधीही नसावी.

मोतीचा हिशेब असा झाला. रुंदी सात इंच, म्हणून भोक नऊ इंच. खांदा एकवीस इंचांवर, म्हणून वरची कड तेविसावर. छातीचा तळ अकरा इंचांवर. म्हणजे तरुण कुत्र्याला दहा-अकरा इंचांचा उंबरठाही चालला असता. पण म्हाताऱ्याला तेवढा पाय उचलवत नाही. म्हणून खालची कड पाच इंचांवर आणली. भोक झाले नऊ बाय अठरा. सुतारांच्या आखणीतले क्षेत्रफळ एका फटक्यात निम्म्याहून कमी झाले.

बाजारात तयार दारे मिळतात. खोक्यावर लहान, मध्यम, मोठे असे लिहिलेले असते आणि शेजारी कुत्र्याचे वजन. या वजनावर विसंबू नये. गुटगुटीत डॅक्सहुंडाचे पाय चार बोटांचे, आणि आपला कारवानी कुत्रा म्हणजे टांगांवर उभी केलेली फळी: अंगाने अरुंद, छातीने खोल, खांद्याने उंच. वजनाचा काटा या दोघांत फरक करतो तो निराळ्याच गोष्टीचा. शंका असेल तर जाड पुठ्ठ्याला तेवढे भोक पाडून तो पुठ्ठा दाराच्या चौकटीत उभा करावा, पलीकडे भाकरीचा तुकडा धरावा आणि पाठ घासते का ते पाहावे. या परीक्षेला पैसा पडत नाही.

पिल्लू असेल तर माप पूर्ण वाढीचे धरावे आणि तोवर भोकाखाली दोन्ही अंगांना एकेक वीट ठेवावी. न्यूटनने मांजरीसाठी मोठे आणि पिल्लांसाठी निराळे लहान भोक पाडले अशी एक गोष्ट सांगतात. ती दंतकथाच समजावी; पण तशी चूक करणारी माणसे मात्र खरी असतात.

झडप कसली असावी

सर्वांत साधी झडप मऊ, पारदर्शक प्लॅस्टिकच्या पडद्याची. खालच्या कडेला लोहचुंबकाची पट्टी असते, त्यामुळे वाऱ्याने ती फडफडत नाही. कुत्र्याला पलीकडचे दिसते म्हणून तो तिला भीत नाही. दोष एवढाच की पश्चिमेच्या उन्हात ती पिवळी पडते, वाकते आणि मग मिटत नाही. दुसरी झडप कडक प्लॅस्टिकची. ती टिकते, पण म्हाताऱ्या किंवा भित्र्या कुत्र्याला जड जाते, आणि शेपूट सापडली की तो पुन्हा त्या बाजूला फिरकत नाही. तिसरीत एकामागे एक दोन पडदे असतात. बर्फाच्या मुलखात घराची ऊब राखण्यासाठी ती चांगली. आपल्याकडे वातानुकूलित खोली नसेल तर तो खर्च व्यर्थ.

चौथा प्रकार विजेच्या करामतीचा. कुत्र्याच्या पट्ट्यातली खूण किंवा कातडीखाली बसविलेली तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप ओळखली तरच खिट्टी सुटते. शेजारचे मांजर आले तर दार ढिम्म. वस्तू सुरेख आहे; पण यातली पुष्कळशी दारे मांजरे आणि लहान कुत्री यांच्याच मापाची असतात, आणि बॅटरी संपली की आपला कुत्राही परका ठरतो.

आमच्या सुतारांनी ट्रकच्या चाकामागच्या रबराची झडप सुचविली. पैसे वाचले असते खरे. पण मोतीने ती दोनदा नाकाने ढकलून पाहिली आणि आमच्याकडे असे पाहिले की मी निमूटपणे प्लॅस्टिकचा पडदा आणला.

झडप कोणतीही घ्या, तिच्यावर आतून सरकणारी एक मजबूत फळी आणि तिला खिट्टी असलीच पाहिजे. झडप कुत्र्यासाठी असते, फळी घरासाठी.

भोक कोठे पाडावे

पुढच्या दाराला पाडू नये, हे सांगावयास नको. मागच्या दाराला पाडताना पहिली गोष्ट पाहावी ती कडीची. भोकातून हात घालून बाहेरच्या माणसाला कडीपर्यंत पोहोचता आले तर आपण चोराला आमंत्रण दिले असे समजावे. कडी भोकापासून हातभराहून पुष्कळ लांब, शक्य तर दाराच्या माथ्याशी असावी. तावदानी दार असेल तर खालचे तावदान कापावे. चौकटीच्या उभ्या-आडव्या पट्ट्या कापल्यास दार खिळखिळे होते. हल्लीची सपाट दारे पुष्कळदा आतून पोकळ असतात. त्यांच्या कापलेल्या कडांना आतून लाकडी पट्ट्या बसवून वर रंगाचे दोन हात द्यावेत. नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात दार फुगते आणि कुत्र्याचे दार उघडते, माणसांचे मात्र उघडत नाही.

भिंतीत भोक पाडावयाचे तर नऊ इंची भिंतीत ते बोगद्यासारखे होते. त्याला आतून पत्र्याचे किंवा लाकडाचे अस्तर हवे, बाहेरच्या बाजूस उतार हवा आणि वर छोटेसे छज्जेही हवे. हे काम गवंड्याचे, त्याला विचारल्यावाचून भिंतीला हात लावू नये.

सुतारांचा प्रश्न

सगळे ठरले. नवी आखणी झाली. सुतारांनी करवत हातात घेतली आणि सहज विचारले, "पण गुरुजी, हे उघडतं कुठं?"

"मागच्या अंगणात," मी म्हणालो.

त्यांनी करवत खाली ठेवली.

आमचे घर जुन्नर तालुक्यात आहे. मागचे अंगण, त्याला कमरेएवढे कुंपण, आणि कुंपणाला लागून उसाचा फड. सुतार म्हणाले, "मागल्या कार्तिकात माझा काळ्या ओसरीवरून गेला. बांधलेला होता. सकाळी साखळी तेवढी होती." आमच्या भागात बिबट्याला वाघच म्हणतात, आणि त्याचे नाव मोठ्याने घेत नाहीत. सुतारांनीही घेतले नाही.

मला हे ठाऊक नव्हते असे नाही. कालव्यांच्या पाण्याने ऊस वाढला आणि वर्षभर दाट राहणाऱ्या त्या उसात बिबट्यांनी घर केले, हे आमच्याकडे शाळेतले पोरही सांगेल. माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्र आहे ते उगीच नव्हे. शेजारच्या अकोले तालुक्यात संशोधकांनी बिबट्यांची विष्ठा तपासून ते काय खातात याचा हिशेब मांडला. २०१४ साली तो प्रसिद्ध झाला. भक्ष्याच्या एकूण वजनात ८७ टक्के पाळीव जनावरे होती आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. शेळ्या त्या भागात कुत्र्यांहून कितीतरी अधिक, पण त्यांचा वाटा पुष्कळच कमी. कारण उघड आहे. शेळी रात्री गोठ्यात कोंडलेली असते, तिच्यावर कोणाची तरी नजर असते. कुत्रा मोकळा असतो.

हे सारे वाचलेले असूनही मी मोतीला रात्री दोन वाजता एकट्याने उसाकडे जाण्याची सोय करून देत होतो! कारण बारा वर्षांत त्याला काही झाले नव्हते. का झाले नव्हते? तर दर वेळी आमच्यापैकी कोणीतरी बॅटरी घेऊन दारात उभे राही, दिवा लावी, खाकरे, "चल रे, आटप" म्हणून हाक देई. ज्याला आम्ही झोपमोड समजत होतो ती राखण होती. दार करून मी ती राखणच काढून टाकणार होतो.

ओहायोतले दार उघडते ते मुलीच्या उंच कुंपणाच्या परसात. ते कुंपण फोनवर दिसले होते, पण मी पाहिले नव्हते. आणि तिकडेही रॅकून नावाचा मांजराएवढा प्राणी हातांनी झडपा उघडून स्वयंपाकघरात येतो, असे तिनेच पुढे सांगितले.

तेव्हा वाचकहो, क्रम असा असावा: आधी दारापलीकडची जागा निवडावी, मग दाराची जागा, मग माप आणि सर्वांत शेवटी झडप. मी नेमका उलट्या टोकापासून निघालो होतो.

पलीकडची जागा

सुतारांनी आपले काम थांबवून मला लोहाराकडे नेले. मागच्या दाराबाहेर आठ फूट लांब, सहा फूट रुंद अशी बंदिस्त पडवी केली. भोवती लोखंडी गज, त्यांना बाहेरून जाड तारेची जाळी. नुसत्या गजांतून पंजा आत येतो. वर पत्रा, कारण बिबट्या सहज उडी मारतो आणि चढतोही. उघड्या माथ्याचे कुंपण त्याला कुंपणच वाटत नाही. खाली दोन फुटांपर्यंत अगदी बारीक जाळी, सापासाठी. तळाला सिमेंटचा कोबा, घुशीने उकरू नये म्हणून. कोब्याला उतार आणि पाण्याला वाट. रात्रभर एक लहान दिवा. दाराला खर्च आला त्याच्या कितीतरी पट या पडवीला आला. पण दार त्या पडवीवाचून करावयाचे नाही हे ठरले होते.

सगळे झाले आणि मोती कोब्यावर जाऊन नुसता उभा राहिला. बारा वर्षे कडुनिंबाच्या बुंध्याशी जाणारे जनावर ते. सिमेंटवर पाय उचलणे त्याच्या सभ्यतेत बसेना. शेवटी सौ.ने त्याच निंबाखालची माती दोन घमेली आणून कोपऱ्यात पसरली. मोतीने ती हुंगली, एक फेरी मारली आणि आमच्याकडे पाठ केली. आम्ही दोघेही हसत सुटलो.

झडपेची सवय लावण्यास आठवडा लागला. पहिले दोन दिवस पडदा दोरीने वर बांधून ठेवावा आणि कुत्र्याला नुसत्या भोकातून ये-जा करू द्यावी. मग पडदा अर्धा सोडावा, मग पुरता. पलीकडून हाक मारावी, आला की काही खाऊ द्यावा. कधीही मागून ढकलू नये. एकदा ढकललेला कुत्रा झडपेला नव्हे, आपल्याला भिऊ लागतो.

आणखी काही सूचना

खाण्याचे भांडे रात्री झडपेजवळ ठेवू नये. अन्नाला उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. पावसाळ्यात बेडूक आत येतो. त्याच्यामागेही तोच पाहुणा. झडपेच्या खालच्या कडेला ब्रशाची पट्टी लावली तर विंचू-गोमेला अटकाव होतो. घरात रांगते मूल असेल तर सरकती फळी दिवसाही बंद ठेवावी; जेथून कुत्रा जातो तेथून मूलही जाते. गावाला जाताना फळीला कुलूप घालावे.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. दार रस्त्यावर उघडत असेल तर ते करूच नये. मोकाट कुत्रा गाडीखाली येतो, भांडणात चावे घेतो आणि चावून घेतो, आणि पिसाळीचा रोग घरात आणतो. झडप असो वा नसो, रेबीजची लस डॉक्टर सांगतील त्या वेळी टोचलीच पाहिजे. ज्यांचे बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर आहे त्यांनी झडपेचा नाद सोडावा आणि सकाळ-संध्याकाळ कुत्र्याबरोबर जिना उतरावा. कुत्र्याचे भागते आणि मालकाचेही पोट आटोक्यात राहते.

टप, टप

मोतीने ते दार दोन पावसाळे वापरले. रात्री दारावर नखे वाजणे थांबले. एकदा मार्गशीर्षात पहाटे तो पडवीत असताना अशा आवाजात भुंकला की आम्ही दोघे धडपडत उठलो. दिवा होता, जाळी होती, मोती दारातून आत येऊन थरथरत उभा होता. मी फळी सरकवली. सकाळी कुंपणाअलीकडच्या ओल्या मातीत पंजे उमटलेले होते, माझ्या तळहाताएवढे. सौ.ने ते पाहिले आणि काही न बोलता पडवीच्या जाळीवरून एकदा हात फिरवला.

गेल्या श्रावणात मोती गेला. आपल्या अंथरुणावर, झोपेत. सुतार कशाला तरी आले होते, त्यांनी विचारले, "भोक बुजवून टाकू का, गुरुजी?" सौ. म्हणाली, "राहू द्या." महिन्याभराने तेच एक पिल्लू पिशवीत घालून घेऊन आले. त्याच्यासाठी भोकाखाली दोन्हीकडे विटा ठेवल्या आहेत.

रात्री झडप दोनदा वाजते: एकदा जाताना टप, एकदा येताना टप. आता कोणाला उठावे लागत नाही. पण पहिला टप झाला की माझे डोळे उघडतात, आणि पलीकडे सौ.ही जागीच असते. दुसरा टप ऐकू येईपर्यंत आम्ही दोघेही कुशीवर वळत नाही.